झाड फुलत नाही म्हणून खत घालताय? आधी या चुका टाळा

पानं हिरवीगार, खोड दणकट, कीड नाही, रोग नाही, आणि तरी कळीचा पत्ता नाही. अशा झाडापुढे उभं राहिलं की हात आपसूक खताच्या डब्याकडे जातो. माझ्या मते सगळ्या चुकांची सुरुवात इथे होते. उपाशी झाड असं दिसतच नाही. हे झाड धडधाकट आहे आणि कशाची तरी वाट बघत थांबलं आहे.

फुलणं हा झाडासाठी मोठा निर्णय असतो. जो शेंडा आतापर्यंत एकामागून एक पानं काढत होता, तो आता कळ्या काढू लागणार. बहुतेक हंगामी रोपांत हा शेंडा एकदा वळला की मागे फिरत नाही. चुकीच्या वेळी वळला तर बी धरायच्या आत थंडी, ऊन किंवा कोरड गाठते आणि पुढची पिढीच बुडते. म्हणून या निर्णयावर जनुकांनी एक नाही, अनेक कुलपं घातलेली असतात. रात्रीची लांबी, थंडीचा काळ, झाडाचं वय, तापमान, पानांतली साखर ही त्यातली मुख्य. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या चिमुकल्या रोपात फुलण्याच्या वेळेत हात असलेली तीनशेच्या आसपास जनुकं आजवर हाती लागली आहेत. तुमच्या झाडाचं नेमकं कोणतं कुलूप लागलेलं आहे हे न बघता किल्ल्या फिरवत राहिलो, तर हंगाम निघून जातो.

खताचा मारा

नत्र जास्त झालं की झाड पानांच्या मागे लागतं आणि बऱ्याच जातींत फुलणं लांबतं. मग ‘फुलांसाठी खास’ म्हणून स्फुरदाचं खत आणलं जातं. मातीत स्फुरद कमी असेल तर त्याचा उपयोग आहेच. पण पुरेसं असताना वरून घातलेलं स्फुरद कुठलंच जनुक जागं करत नाही.

एक गोष्ट मात्र खरी आहे. पानांत साखर पुरेशी तयार होत नसेल तर फुलण्याचा संदेश उमटत नाही. म्हणजे गडद सावलीतलं झाड एका अर्थाने उपाशी असतं, पण त्याची भूक उन्हाची असते. तिथे कुंडी हलवायची, खत नाही.

दिवस मोजायचा आणि रात्र विसरायची

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात सहज सुधारता येते, म्हणून इथे जरा थांबू या.

अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अ‍ॅलार्ड तंबाखूच्या एका विचित्र वाणाने हैराण झाले होते. मेरिलँड मॅमथ हे त्याचं नाव. उन्हाळाभर ते माणसाच्या दुप्पट उंच वाढायचं, पानांवर पानं काढायचं, आणि फूल नाही. तेच रोप हिवाळ्यात काचघरात नेलं की लहान असतानाच फुलायचं. त्यांनी खत बदलून पाहिलं, पाणी आणि तापमान बदलून पाहिलं. शेवटी उन्हाळ्यात दुपारनंतर रोपं अंधाऱ्या खोपटात ढकलून दिवस आखूड केला, आणि तंबाखू फुलला. सोयाबीनच्या बिलॉक्सी वाणाचंही तेच. काही काही दिवसांच्या अंतराने पेरलेली रोपं, लहान असोत की मोठी, सप्टेंबरच्या सुमाराला एकदमच फुलायची. १९२० साली त्यांनी हे मांडलं. पुस्तकांत याला दीप्तिकालिता म्हणतात.

त्यांनी दिवसाच्या लांबीवर बोट ठेवलं. पण १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झॅन्थियम या तणावर प्रयोग करून दाखवलं की खरी मोजणी रात्रीची आहे. या तणाला साडेआठ तासांच्या आसपास किंवा त्याहून लांब अखंड रात्र मिळाली, तर एवढी एकच रात्र त्याला फुलायला पुरते. दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार केला तर काहीच बिघडत नाही. रात्रीच्या मध्ये काही मिनिटं उजेड पाडला तर ती रात्र त्याच्या हिशेबातून बाद होते.

आता घरातली कुंडी डोळ्यांपुढे आणा. शेवंती, कलांचो, पॉइन्सेटिया ही सगळी लांब रात्र मागणारी, म्हणजे लघुदिनी झाडं. दिवसभर छान ऊन मिळतं, संध्याकाळ होते, आणि खोलीतला दिवा रात्री साडेअकरापर्यंत जळतो. झाडाच्या लेखी रात्र फक्त सहा-सात तासांची होते. ते उन्हाळाच समजून बसतं.

माझ्याकडे एकाच कलांचोच्या फांद्यांपासून वाढवलेल्या दोन कुंड्या होत्या. दोन्ही एकाच खिडकीत, आणि त्या खिडकीवर बाहेरच्या दिव्याचा उजेड रात्रभर असायचा. त्यातल्या एकीवर मी रोज संध्याकाळी साडेपाचला पुठ्ठ्याचा खोका उपडा घालायचो आणि सकाळी साडेसातला काढायचो. म्हणजे चौदा तास अंधार. तीन आठवडे झाले तरी फरक दिसेना. एका रात्री खोका जवळून पाहिला, तेव्हा उचलायला हात घालतात त्या दोन भोकांतून उजेडाचे पट्टे थेट पानांवर पडलेले दिसले. भोकांवर काळी चिकटपट्टी लावली आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले. सहाव्या आठवड्यात वरच्या दोन पानांच्या बेचक्यात मोहरीएवढ्या हिरव्या गाठी आल्या. शेजारच्या उघड्या कुंडीत त्याच जागी नव्या पानांची जोडी होती. माती एक, पाणी एक, अंग एक. फरक फक्त रात्रीचा.

हे मोजमाप करतं कोण? पानात फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं. सुमारे ६६० नॅनोमीटरच्या लाल उजेडाने ते जागं होतं आणि ७३०च्या आसपासच्या अतिलाल उजेडाने निजतं. रात्रीच्या मध्ये पडलेला घरगुती दिव्याचा उजेड या प्रथिनाला जागं करतो. शेवंतीत असा उजेड पडला की फुलण्याला विरोध करणारं एक जनुक काम सुरू करतं. भातात फुलण्याचा संदेश देणारं एचडी३ए हे जनुकच दबतं. दोन्हीकडे शेवट एकच, कळी नाही. उजेड प्रखर असावा लागतो असंही नाही. शेवंतीचा बहर मुद्दाम लांबवायचा असतो तेव्हा मळ्यात मध्यरात्री लावतात तो उजेड पुस्तक वाचता येईल इतपतच असतो. म्हणून ‘एवढ्याशा दिव्याने काय होतंय’ असं म्हणू नका.

मोठा दिवस मागणाऱ्या, म्हणजे दीर्घदिनी झाडांचं गणित उलटं आहे, आणि ते अरॅबिडॉप्सिसमध्ये फार सुंदर उलगडलं आहे. तिथे कॉन्स्टन्स नावाचं जनुक आहे. पेशीतलं घड्याळ असं लावलेलं असतं की या जनुकाचा निरोप, म्हणजे त्याची आरएनए प्रत, दिवस कलताना वाढतो. त्या वेळी बाहेर उजेड असेल तर त्यातून बनलेलं प्रथिन टिकतं आणि फुलण्याचा संदेश देणाऱ्या एफटी नावाच्या जनुकाला चालू करतं. अंधार पडलेला असेल तर तेच प्रथिन बनताक्षणी मोडीत निघतं. म्हणजे हे रोप रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारतं, अजून उजेड आहे का? पालक, कोथिंबीर, सॅलड ही पिकं दिवस मोठे झाले की तुरा काढतात त्यामागे अशीच यंत्रणा आहे. त्यांना तुरा येऊ नये असं वाटत असेल, तर मोठ्या दिवसांत पेरून वर रोज पाणी मारण्यात अर्थ नाही. पेरणीची तारीख बदला, किंवा उशिरा तुरा काढणारं वाण घ्या.

शेंडा झाकणं, पानं ओरबाडणं

कळी शेंड्यावर येते म्हणून अंधारही शेंड्यालाच द्यायचा, असं अनेकांना वाटतं. फक्त टोकावर काळी पिशवी बांधलेली रोपं मी पाहिली आहेत. पण रात्र मोजतात ती पानं. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी १९३०च्या दशकात हे शेवंतीवर दाखवलं, आणि पानातून शेंड्याकडे जाणारा काहीतरी पदार्थ असला पाहिजे असं म्हणून त्याला फ्लोरिजेन हे नाव दिलं. पदार्थ कोणाच्या हाती लागेना. पेरिला नावाच्या लघुदिनी रोपाचं लांब रात्री भोगलेलं एक पान कापून दुसऱ्या रोपावर कलम केलं की ते रोप फुलायचं, तेच पान पुढच्या रोपावर लावलं की तेही फुलायचं, आणि तरी त्या पानातून नेमकं काय निघतं हे कळायला ७० वर्षं गेली.

२००७ मध्ये उत्तर मिळालं. तो पदार्थ म्हणजे एफटी जनुकाचं प्रथिन, जेमतेम १७५ अमिनो आम्लांचं. पानाच्या शिरांत ते बनतं, अन्नरसाच्या प्रवाहातून शेंड्यापर्यंत पोहोचतं, तिथे एफडी नावाच्या प्रथिनाशी जोडी जमवतं, आणि मग शेंड्यातली फुलं घडवणारी जनुकं चालू होतात. त्याआधी दोन वर्षं, प्रथिन नाही तर त्या जनुकाची आरएनए प्रत प्रवास करते असा दावा एका नामांकित नियतकालिकात छापून आला होता. तो पुढे मागे घ्यावा लागला. जुनी टिपणं वापरणाऱ्या विद्यार्थ्यांनी एवढं तपासून घ्यावं.

व्यवहारात याचा अर्थ असा की अंधार द्यायचा तर सगळं झाड झाका, आणि त्या काळात चांगली वाढलेली पानं तोडू नका. संदेश तिथूनच निघायचा आहे.

थंडीचा झटका

‘बी दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, लवकर फुलेल’ हा सल्ला तीन ठिकाणी चुकतो.

पहिली गोष्ट, कोरड्या बियांना थंडी कळत नाही. बी भिजलेलं आणि आतला जीव जागा हवा. दुसरी, दोन दिवस पुरत नाहीत. साधारण १ ते ७ अंश सेल्सिअसची थंडी कित्येक आठवडे लागते. तिसरी म्हणजे सगळ्या झाडांना ही थंडी लागतच नाही. फ्रिजमधल्या थोड्या दिवसांच्या ओलसर थंडीने बियांची झोप मोडते आणि ती एकसारखी उगवतात, पण ते वेगळं काम आहे. फुलण्यासाठीच्या थंडीला वासंतीकरण म्हणतात.

इतके आठवडे का लागतात, हे एफएलसी या जनुकाकडे पाहिलं की कळतं. हे जनुक म्हणजे फुलण्यावरचा ब्रेक. थंडीत डीएनएची अक्षरं बदलत नाहीत, पण डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर रासायनिक खुणा बसत जातात आणि ब्रेक बंद पडतो. गंमत अशी की एकाच पेशीत हे हळूहळू मंद होत नाही. प्रत्येक पेशीत ते एकतर चालू असतं नाहीतर बंद. थंडी जितकी लांबते तितक्या जास्त पेशी बंदच्या बाजूला जातात. अर्धवट थंडीत अर्ध्याच पेशी पटतात आणि रोप घुटमळतं. ऊब आल्यावरही ही आठवण टिकते, आणि बी तयार होताना पुसली जाते. पुढच्या पिढीला हिवाळा नव्याने सोसावा लागतो. थंडी दिलेल्या गव्हाचा हा गुण वंशात उतरतो असा लायसेंको या कृषिशास्त्रज्ञाने सोव्हिएत रशियात दावा केला होता. तो खोटा होता आणि त्याने तिथल्या शेतीचं आणि जनुकशास्त्राचं फार नुकसान केलं.

उलट अडचण कांद्यात येते. गड्डा हवा असतो आणि येतात डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे. कांद्याचं अगदी लहान रोप थंडी मनावर घेत नाही, पण ठरावीक जाडीच्या पुढे गेलेलं रोप घेतं. म्हणजे लवकर लावून जाडजूड झालेली रोपं लांब थंडीत सापडली, की डेंगळ्यांना आमंत्रणच. इथे एफटीच्या कुळातली वेगवेगळी भावंडं वेगवेगळी कामं करतात. एक थंडीनंतर फुलवतं, दुसरं मोठ्या दिवसांत गड्डा धरायला लावतं. दोष बियाण्याला देण्याआधी लावणीची तारीख आणि रोपाची जाडी बघा.

वय न विचारणं

बियांपासून वाढवलेल्या आंब्याला किंवा सफरचंदाला बहर यायला पाच ते दहा वर्षं लागू शकतात, आणि तोवर काहीही केलं तरी ते फुलत नाही. लहान रोपात मिआर१५६ नावाचा आरएनएचा इवलासा तुकडा भरपूर असतो आणि तो फुलण्याकडे नेणारी जनुकं दाबून धरतो. वय वाढतं तसा तो कमी होतो. फुललेल्या झाडाची फांदी कलम केली तर हे वय कलमासोबत येतं, म्हणून कलमी झाड दोन-चार वर्षांत फुलतं.

इथली एक चूक लक्षात येत नाही. मोठ्या झाडाच्या बुंध्यालगतचे जोमदार फुटवे काडीसाठी कापले जातात, कारण ते तरतरीत दिसतात. पण झाडाचा खालचा भाग या अर्थाने सगळ्यात तरुण असतो. काडी वरच्या, आधी फुललेल्या फांदीची घ्या.

एका जनुकावर सगळा भरवसा

‘फुलांचं जनुक सापडलं’ असा मथळा दिसला की सावध व्हा. बीटमध्ये एफटीची दोन भावंडं आहेत. एक फुलवतं, दुसरं फुलू देत नाही. भातात कॉन्स्टन्सच्या जागी असलेलं एचडी१ लहान दिवसांत फुलवतं आणि मोठ्या दिवसांत फुलणं रोखतं. एफटीच्या साखळीतलं ८५व्या जागचं एकच अमिनो आम्ल बदललं तर फुलवणारं प्रथिन रोखणाऱ्यासारखं वागू लागतं. अरॅबिडॉप्सिसवर शिकलेलं जसंच्या तसं दुसऱ्या झाडाला लावलं तर म्हणूनच फसायला होतं.

वाण दूरच्या अक्षांशावरून आणलं तरी हेच होतं. तिथल्या दिवसांशी जुळलेलं सोयाबीन लहान दिवसांच्या प्रदेशात वीतभर उंचीवरच फुलून मोकळं होतं, आणि शेंगा लागायला अंगच नसतं. गव्हात यावर तोडगा निघाला तो दिवसाची लांबी न जुमानणाऱ्या पीपीडी जनुकांच्या रूपाने. गव्हाचे पैदासकार नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोत एकाच वर्षात सोनोरा आणि टोलुका अशा दोन वेगळ्या अक्षांशांवर गहू घ्यायचे. दोन्हीकडे तग धरणाऱ्या ओळी निवडता निवडता ही जनुकं आपोआप निवडली गेली. त्यामुळे बियाणं घेताना उत्पन्नाच्या आधी एक प्रश्न विचारा, हे वाण दिवसाच्या लांबीला किती दाद देतं?

प्रयोगशाळेत होणारी गफलत

विद्यार्थ्यांसाठी थोडं. फुलायला किती दिवस लागले एवढंच नोंदवू नका. थंड खोलीत सगळीच वाढ मंदावते आणि रोप उशिरा फुलल्यासारखं दिसतं. फुलोरा निघेपर्यंत किती पानं आली ते मोजा, तेव्हा निर्णय खरंच लांबला की नुसती वाढ मंदावली हे कळतं. दुसरं, एफटी मोजायला सकाळी दहाला पानं तोडली आणि काहीच हाती लागलं नाही, असं फार वेळा होतं. सोळा तास दिव्यांखालच्या रोपात ते संध्याकाळी, दिवे विझण्याच्या सुमारास चढतं. उघड्यावर, खऱ्या उन्हात मात्र ते सकाळीही चढतं, कारण तिथे अतिलाल उजेड आणि तापमानाचे चढउतार असतात. नमुना कधी घेतला ते आलेखावर लिहा. आणि दोन उत्परिवर्ती, म्हणजे एखादं जनुक बदललेल्या, रोपांची तुलना करताना मूळ वाण एकच आहे ना ते बघा. लँड्सबर्ग इरेक्टा या वाणात एफएलसी मुळातच कमजोर असतं, कोलंबियात ते चांगलं असतं. तेच उत्परिवर्तन एकात ठळक दिसेल, दुसऱ्यात जेमतेम.

फुलवायचं औषध

जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक फवारल्यावर अरॅबिडॉप्सिस लवकर फुलतं हे वाचून कोणी ते फळझाडावर मारलं, तर बहर जायची भीती असते. सफरचंद, आंबा अशा कित्येक झाडांत जिबरेलिन फुलणं रोखतं. आंब्यावर वापरतात ते पॅक्लोब्युट्राझोल जिबरेलिन बनूच देत नाही, म्हणून तिथे कळ्या धरतात. संप्रेरक तेच, परिणाम उलटा. झाडाची जात न बघता मात्रा ठरवू नका.

छाटणीची तारीख

बऱ्याच झुडपांत पुढच्या बहराच्या कळ्या फुलायच्या कितीतरी महिने आधी, जुन्याच फांदीवर तयार होतात. बाहेरून काही दिसत नाही. सगळे संकेत मिळालेले असतात, कुलपं उघडलेली असतात, आणि आपण आकार द्यायला कात्री घेतो.

छाटण्याआधी एकच फांदी कापून बघा. टोकाचा फुगीर डोळा घ्या, सुईच्या टोकाने बाहेरची खवल्यांसारखी पानं एकेक करून सोला आणि दहापट भिंगाखाली धरा. आत नुसती घडी घातलेली पानं आणि मधोमध बारीक टोक दिसलं, तर शेंडा अजून पानंच काढतो आहे. बेधडक छाटा. पण मधला भाग रुंद होऊन घुमटासारखा वर आला असेल आणि त्याच्या कडेने खसखशीएवढे गोल उंचवटे ओळीने बसलेले दिसले, तर त्या कळ्या आहेत. कात्री खाली ठेवा आणि बहर सरल्यावर या.